मधोमध, जरासा खाली

कानसेनांनी वायरीचं टोक दातांत धरून वरचं प्लास्टिक ओढून काढलं आणि उघड्या पडलेल्या तांब्याच्या तारांना चिमटीत पीळ दिला.

"बाबा, घरात पक्कड आहे," दाराशी रिकामा खोका घेऊन उभी असलेली त्यांची मुलगी म्हणाली.

"होती. काल तूच खोक्यात भरलीस."

"मग मागायची ना. दात पडला तर तो कुठल्या खोक्यातून काढून देऊ?"

एरवी कानसेनांनी यावर काहीतरी टोला हाणला असता. आज त्यांनी नुसती दुसरी वायर उचलली. बाकीचं घर केव्हाच आवरून झालं होतं. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते आणि स्वयंपाकघरात कुणी बोललं की आवाज घुमत होता. ही एवढी खोली मात्र जशीच्या तशी होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत राखाडी सुती पडदा, पडद्यामागे कपाटाएवढे दोन स्पीकर, त्यांच्या मधोमध एक बुटकं टेबल आणि एक स्टूल. पडद्याच्या अलीकडे कानसेनांची हातांची खुर्ची आणि तिच्या मागे दोन साध्या खुर्च्या. मुलीच्या घरात वडिलांसाठी खोली होती, स्पीकरांसाठी नव्हती. एका व्यायामशाळेच्या मालकाने ते मागितले होते आणि संध्याकाळी तो गाडी घेऊन येणार होता.

"जोरात वाजतात ना, एवढंच विचारलं त्याने," कानसेन म्हणाले. "मी हो म्हटलं."

तानसेन होता येत नसेल तर निदान कानसेन तरी व्हावं असं म्हणतात. ते नाव त्यांना मित्रांनी थट्टेने दिलं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. एका मासिकात ते वर्षानुवर्षं स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर ऐकून त्यावर लिहीत आले होते. स्पीकर म्हणजे तोंड आणि अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे छाती, हे त्यांचं लाडकं वाक्य. छातीत दम नसेल तर तोंड कितीही सुंदर असून काय उपयोग, असं ते म्हणत. तेच स्पीकर एका अ‍ॅम्प्लिफायरवर खाकरून बोलतात, दुसऱ्यावर तोंडातल्या तोंडात पुटपुटतात आणि एखाद्यावर माणसासारखे बोलतात, हे ते समोरच्याला पटवून देईपर्यंत सोडत नसत. समोरच्याला ऐकू आलं नाही तर दोष अर्थातच समोरच्याच्या कानांचा.

पडदाही त्यांचाच हट्ट. डोळ्यांना अ‍ॅम्प्लिफायर दिसला की कान लाच खातात, असं त्यांचं मत होतं. म्हणून रविवारी दुपारी मित्र जमले की बाई, म्हणजे त्यांची बायको, पडद्यामागच्या स्टुलावर बसायची. ती एका अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी काढायची, दुसऱ्याला जोडायची आणि चमच्याने कप वाजवायची. कप वाजला की बोलणं बंद. पुन्हा वाजेपर्यंत कुणी जागेवरून उठायचं नाही, पडद्यामागे तर मुळीच जायचं नाही. बाईनेही आतून बोलायचं नाही, कारण तिच्या सुरावरून कुठला अ‍ॅम्प्लिफायर लागलाय ते ओळखता येतं, असा कानसेनांचा दावा होता.

ऐकायला काय, तर आधी थोडं वादन आणि शेवटी बाईचा स्वतःचा आवाज. गाणं कसंही वाजलं तरी खपतं, पण घरच्या माणसाच्या आवाजात लबाडी चालत नाही. म्हणून कानसेनांनी स, श आणि च ठासून भरलेली वाक्यं रचली होती आणि बाईकडून ती टेपवर बोलून घेतली होती. 'शेजारच्या सुताराने सहा सुया शोधल्या.' हे वाक्य बोलून झाल्यावर "सुताराला सुया कशाला हो?" असं विचारून ती जी हसली होती तेही टेपवर राहिलं होतं. कानसेनांना ते हसणं पुसायचं होतं. ते कसंबसं वाचलं.

जिन्यावर पावलं वाजली. पाठोपाठ धाप.

"आले फ्यूजकाका," मुलगी म्हणाली आणि दार उघडायला गेली.

फ्यूजकाका हे कानसेनांचे सर्वांत जुने मित्र. टेलिफोनच्या कचेरीतली नोकरी सांभाळून ते घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधायचे. पहिला बांधला तेव्हा अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडाला होता. त्या गोष्टीला जमाना लोटला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. त्यांनी छातीशी घोंगडीत गुंडाळलेलं एक ओझं धरलं होतं आणि ते खाली ठेवल्यावरही त्यांचे हात थोडा वेळ तसेच वाकलेले राहिले.

"शेवटी आणलास," कानसेन म्हणाले.

"आणला."

"आधी व्हॉल्व्ह गेला होता. मग ट्रान्सफॉर्मर जळला होता. मग म्हणे माळ्यावर सापडत नाही. आज सगळं जागच्या जागी आहे?"

"घर सोडतोयस," फ्यूजकाका म्हणाले. "आता नाही कसं म्हणू?"

घोंगडीतून काळी लोखंडी पेटी निघाली. तिच्यावर जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे चार व्हॉल्व्ह होते. कानसेनांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. हाच तो अ‍ॅम्प्लिफायर. बाई गेली त्या रविवारी पडद्यामागे हाच दुसऱ्या क्रमांकावर ठेवलेला होता.

त्या रविवारची गोष्ट कानसेनांनी किती जणांना सांगितली असेल, गणती नाही. पहिला अ‍ॅम्प्लिफायर ऐकून झाला होता. खोलीत कानसेन, फ्यूजकाका आणि डेंटिस्ट असे तिघे होते. डेंटिस्ट बिचारा केवळ मैत्रीखातर यायचा. सगळे अ‍ॅम्प्लिफायर मला सारखेच ऐकू येतात, असं तो दर वेळी प्रामाणिकपणे सांगायचा आणि दर वेळी सगळ्यांकडून बोलणी खायचा. तर, पहिला बंद झाला, कप वाजायची वाट बघत तिघं बसले होते, आणि कप न वाजताच आवाज आला.

'अहो, जरा इकडे या.'

कानसेनांच्या अंगावर काटा आला होता. असा आवाज त्यांनी कुठल्याच स्पीकरमधून कधी ऐकला नव्हता. डेंटिस्ट तर खुर्चीतून अर्धवट उठलाच. "वहिनी बोलावतायत," असं म्हणाला. कानसेनांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने त्याला खाली बसवलं. मग तिघंही पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. वाक्य आलं नाही. हे वाक्य मनात मुरावं म्हणून हिने मुद्दाम टेप थांबवली असणार, असं कानसेनांना वाटलं. त्यांनी त्या आवाजाबद्दल जे सुचलं ते लिहून काढलं, मग मोठ्याने फ्यूजकाकांचं कौतुक केलं, मग खर्जाच्या आवाजाबद्दल थोडी चर्चा झाली. त्यानंतर ते पडद्यामागे गेले. बाई स्टुलावर होती, डोकं टेबलावर टेकलेलं.

क्षणात गेल्या असतील, त्यांना काही कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. कानसेन इतकी वर्षं डॉक्टरांच्या त्या वाक्याचा आधार धरून जगत होते.

"डेंटिस्टसुद्धा फसला," अ‍ॅम्प्लिफायरवरची धूळ रुमालाने टिपत कानसेन आता पुन्हा म्हणाले. "ज्याला ढोल आणि सतार यातला फरक सांगावा लागायचा, तो. आणखी काय पुरावा हवा? आणि मी मासिकात काय लिहिलं होतं, आठवतं?"

"आठवतं."

तरीही कानसेनांनी म्हणून दाखवलंच. "आवाज दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, जरासा खाली, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. त्याला कडा नाहीत. श्वास आधी येतो आणि शब्द मागून. आजवर ऐकलेला हा सर्वांत खरा मानवी आवाज." ते थांबले. "आणि तू काय केलंस? लोक तुझं घर शोधत आले आणि तू बांधणंच सोडलंस. तऱ्हेवाईक माणूस."

फ्यूजकाका खाली बसून प्लग लावत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

टेप मुलीला माळा आवरताना सापडली होती. त्या रविवारसाठी बाईने नवीन टेप केली होती, स्वतःच्या मनाने, स्वयंपाकघरात एकटी बसून. तुम्हाला पुढचं वाक्य पाठ असतं म्हणून तुम्ही हुशारी करता, या वेळी मी काय बोलणार ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही, असं ती म्हणाली होती. त्या दिवशी पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरवर तिची सुरुवातीची वाक्यं झाली होती आणि दुसऱ्यावर ते एकच वाक्य. नंतर ती टेप लावायची कानसेनांची छाती झाली नाही. मुलीने ती कुठेतरी ठेवून दिली आणि ते टेपचं नावही काढेनासे झाले. पण आता स्पीकर जाणार होते. त्याआधी एकदा, त्याच खोलीत, त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर ते वाक्य ऐकायचं, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं होतं. बाकी सगळं व्यायामशाळेत गेलं तरी चालेल.

"मला नाही वाटत आईने असलं काही टेप केलं असेल," मुलगी म्हणाली. ती चहाचे पेले मागच्या एका खुर्चीवर ठेवत होती. "आई तुम्हाला हाका मारायची कधी? यांना हाक मारून उपयोग नाही, जाऊन खांद्यावर हात ठेवावा लागतो, म्हणायची."

"तूच ऐक आता."

"मी खाली गाडीत सामान लावते. मला नाही ऐकायचं." ती दारापाशी थांबली. "चहा गार करू नका."

ती गेली. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागणार होता, म्हणून कानसेनांनी आधी घरचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि खुर्चीत येऊन बसले. टेपची खरखर, मग एक खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बाई.

'झालं का सुरू? लाल दिवा लागलाय म्हणजे झालं असावं. किल्ली खिडकीत ठेवली आहे. दूध उतू जातंय. चष्मा डोक्यावरच आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा.'

आवाज स्वच्छ होता, नको इतका स्वच्छ. प्रत्येक च टाचणीसारखा टोचत होता. बाई उभी होती, स्पीकरांच्या उंचीवर, कुणीतरी कागदातून कापून उभी केल्यासारखी. कानसेन उठले. त्यांनी टेप पुन्हा सुरुवातीला नेली, वायरी काढल्या, काळ्या पेटीला जोडल्या.

आता टोचणं गेलं. खोली ऊबदार झाली. तीच किल्ली, तेच दूध, पण आता स्वयंपाकघराच्या भिंतीही ऐकू येत होत्या, नळाखालचं भांडं ऐकू येत होतं. बाईने मध्येच आवंढा गिळला तोही. कानसेनांनी मान वाकडी केली आणि डोळे मिटले. आवाज सुंदर होता. पण तो अजूनही वर होता, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, आणि त्याला कडा होत्या.

'बाहेर जाताना छत्री घेतलीत का?' बाई म्हणाली.

त्या दिवशी छत्रीपाशीच पहिला अ‍ॅम्प्लिफायर बंद झाला होता. कानसेनांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आता.

'आता तुम्ही मान वाकडी करून डोळे मिटले असतील,' बाई म्हणाली. 'उघडा. मी काही तिथे नाहीये, मी इकडे पडद्यामागे बसून कंटाळलेय.'

ती हसली. कानसेनांनी डोळे उघडले.

टेप चालत राहिली. बाई भावजींना, म्हणजे फ्यूजकाकांना, म्हणाली की तुमच्या पेटीची ऊब छान लागते, थंडीत मी हात शेकून घेते. डेंटिस्टना म्हणाली की खरं सांगायचं तर मलाही सगळे सारखेच ऐकू येतात, पण यांना सांगू नका. सुताराच्या सुया सापडल्या, असंही म्हणाली. प्रत्येक वाक्यानंतर ती थोडी थांबत होती, हसायला जागा ठेवल्यासारखी. तीन माणसांसाठी ठेवलेल्या त्या जागेत आता दोन म्हातारे गप्प बसून होते. शेवटी ती म्हणाली, 'संपलं. चहा टाकते.' खट् असा आवाज झाला आणि नुसती खरखर उरली.

"पुढे असेल," कानसेन म्हणाले.

पुढे काही नव्हतं. त्यांनी टेप उलटी करून लावली. दुसरी बाजू कोरी होती. ती खरखर त्यांनी बराच वेळ ऐकली, पुढे झुकून, कानामागे हात धरून.

"जुनी टेप आहे," फ्यूजकाका म्हणाले. "मधलं एखादं वाक्य पुसलं गेलं असेल."

"एखादं वाक्य?"

"होतं असं कधीकधी."

"तू टेलिफोनवाला. मला सांगतोस?"

फ्यूजकाकांनी चहाचा पेला उचलला आणि तोंडाला न लावता परत ठेवला. कानसेन त्यांच्याकडे नाही, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. त्यांनी मूठ मिटली, मग डाव्या हाताने एकेक बोट उघडलं.

"मी तिची मूठ सोडवली होती," ते म्हणाले. "डॉक्टर यायच्या आधी. घट्ट होती. आत काहीतरी होतं, मी ते काढून खाली टाकलं. आत्ता हाताला आठवलं. वायर होती."

फ्यूजकाका पडद्याकडे बघू लागले.

"तूही आत आला होतास. माझ्या मागोमाग."

"हो."

"तुझ्या पेटीला काय जोडलेलं होतं?"

"काही नाही," फ्यूजकाका म्हणाले. "पहिल्याच्या काढून झाल्या होत्या. दोन्ही वायरी तिच्या हातात होत्या."

"म्हणजे स्पीकर—"

"बंदच होते."

खरखर संपली आणि टेप आपोआप थांबली. आता खोलीत व्हॉल्व्हची बारीक गुणगुण तेवढी होती.

"तुला माहीत होतं," कानसेन म्हणाले. त्यात राग नव्हता. रागाला लागते तेवढीही ताकद त्यांच्यापाशी उरली नव्हती.

"वायरी बघितल्या तेव्हापासून. म्हणून तर बांधणं सोडलं. लोक येऊन म्हणायचे, तो आवाज द्या." फ्यूजकाका घोंगडीची घडी घालू लागले. "पण मनात यायचं, मीच चुकलो असेन. टेपवर असेलही. आज येतानाही जिन्यात तेच म्हणत होतो. असू दे, टेपवर असू दे."

"डॉक्टर म्हणाले होते, तिला काही कळलंच नसेल."

"हो."

"कळलं होतं तिला. तिने कप वाजवला नाही. नियम मोडून ती बोलली." कानसेन थांबले. "आणि मी लिहीत बसलो. जरासा खाली."

फ्यूजकाकांनी त्यांच्या खांद्याकडे हात नेला. कानसेन त्याआधीच उठले. ते पडद्यापाशी गेले, तो बाजूला करून आत शिरले आणि पडदा पुन्हा पडू दिला. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"फ्यूज," ते आतून म्हणाले. "माझ्या खुर्चीत बस."

"कशाला?"

"बस म्हणतो ना."

फ्यूजकाका हातांच्या खुर्चीत बसले. समोर नुसता राखाडी पडदा. खाली रस्त्यावर मुलगी कुणाला तरी गाडी थोडी पुढे घ्यायला सांगत होती. मग पडद्यामागून, मधोमध, जरासा खालून, एक म्हातारा आवाज आला. मोठा नव्हता.

"अहो, जरा इकडे या."

फ्यूजकाका उठले, पडद्यापाशी गेले आणि त्यांनी तो बाजूला केला. कानसेन स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान वर करून.

"आलास," ते म्हणाले.

"मग काय करणार होतो?"

"काही अवघड गेलं?"

"काय अवघड? उठलो आणि आलो."

कानसेनांनी मान हलवली. पडदा अजून फ्यूजकाकांच्या हातात होता आणि पलीकडे हातांची रिकामी खुर्ची दिसत होती. स्टुलापासून ती किती जवळ होती हे कानसेनांनी त्या बाजूने कधी बघितलंच नव्हतं.

"एवढंच होतं ना," ते म्हणाले.